कमरेतली चाल

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं हट्टा घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव. इथे मणक्याला मार बसायला फार मोठा अपघात लागत नाही. चिंचा झोडपायला झाडावर चढलेल्याचा पाय निसटतो. विहिरीत उतरताना दोर सुटतो. घरावरचे पत्रे बदलताना तोल जातो. हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसलेला गडी वळणावर खाली येतो. पडलेला माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो, नीट बोलतो आणि मग म्हणतो, "कमरेखालचं काहीच कळंना." आजूबाजूचे धावत येतात. दोघं काखेत हात घालतात, दोघं पाय धरतात आणि त्याला उचलून जीपमध्ये घालतात.

मग परभणी किंवा नांदेड, एमआरआय, मोडलेला मणका सावरायला प्लेट आणि स्क्रू, आणि काही दिवसांनी घरी. निघताना बायको, भाऊ, आई सगळे एकच विचारतात, "डॉक्टर, चालंल का हो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बघू, वाट पाहावी लागेल." हे उत्तर खोटं नाही. पण वाट पाहायची म्हणजे रोज घरी काय करायचं, हे त्या कुटुंबाला क्वचितच कुणी नीट समजावून सांगतं.

गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नावर जगभर बरंच काम झालं आहे. त्यातली एक वाट विशेष आशेची आहे. पाठीच्या कातडीवर किंवा पायातल्या मज्जातंतूवर बाहेरूनच हलका विद्युतप्रवाह द्यायचा, कुठेही चिरफाड करायची नाही आणि त्याच वेळी चालण्याचा सराव करून घ्यायचा. या प्रकरणात ती वाट समजून घेऊ. तिचा गाभा आधीच सांगून ठेवतो. वीज माणसाला चालवत नाही. ती कमरेतल्या मज्जारज्जूला शिकण्याजोगं करते, आणि शिकवण्याचं काम सराव करतो. तो सराव करायला शरीर शाबूत लागतं आणि ते शाबूत ठेवण्याचं काम अपघाताच्या पहिल्या तासापासून सुरू होतं.

दुखापतीखाली काय उरतं?

मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जातो, पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खालच्या टोकाजवळ एक फुगीर भाग आहे. पाय हलवणाऱ्या चेतापेशी तिथे दाटीने राहतात. बरगड्यांचे शेवटचे मणके जिथे संपतात, साधारण त्या उंचीवर हा भाग येतो.

मणका मोडतो तेव्हा मज्जारज्जू क्वचितच आरपार तुटतो. बहुतेक वेळा तो चेंगरतो. हाडाचा तुकडा किंवा सरकलेला मणका त्यावर दाब देतो, मग सूज येते, रक्तपुरवठा घटतो आणि पुढच्या काही तासांत, दिवसांत इजा आणखी पसरते. तरीही कडेचे काही तंतू पुष्कळदा वाचतात. डॉक्टर टाचणी टोचून, पाय हलवायला सांगून तपासतात आणि इजा 'पूर्ण' की 'अपूर्ण' हे ठरवतात. या तपासणीत 'पूर्ण' ठरलेल्या अनेकांमध्येही मेंदूकडून येणाऱ्या तंतूंचा थोडा प्रभाव इजेच्या खाली पोचतो, असं मिलान दिमित्रिजेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंतले विद्युतसंकेत मोजून दाखवलं. पाय हलवण्याइतकी ताकद त्या प्रभावात नसते, म्हणून साध्या तपासणीत तो सापडत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. त्याच्या पेशी, त्यांच्या आपसातल्या जोडण्या, पायाकडून येणारे स्पर्शाचे आणि ताणाचे संदेश हे सगळं शाबूत असतं. आणि चालण्याचा आराखडा त्या भागातच आहे.

हे प्रथम दिसलं १९११ मध्ये. ग्रॅहम ब्राउन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायाकडून येणारे संवेदनेचे तंतूही कापले. तरीही मांजराचे मागचे पाय आळीपाळीने पुढेमागे हलले. पुढे केव्हा, मागे केव्हा, एक पाय वाकताना दुसरा ताणायचा कसा, ही लय मज्जारज्जू स्वतः तयार करतो. मेंदू चालायला सुरुवात करतो, थांबतो, वळतो, खड्डा चुकवतो. पण पावलामागून पाऊल टाकायचा हिशेब तो प्रत्येक वेळी नव्याने मांडत बसत नाही. म्हणूनच आपण बोलत, विचार करत सहज चालू शकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत रेजी एजर्टन यांनी यापुढचा प्रश्न घेतला. मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जू काही शिकू शकतो का? मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या काही मांजरांना त्यांच्या गटाने रोज ट्रेडमिलवर पावलं टाकायला लावलं, तर काहींना फक्त उभं राहायला लावलं. चालण्याचा सराव झालेली मांजरं चालली. उभं राहण्याचा सराव झालेली नीट उभी राहिली, पण त्यांना चालणं जमेना. म्हणजे ज्याचा सराव द्याल तेच तो शिकतो. मेंदूचा हात नसतानाही मज्जारज्जू शिकतो, आणि सराव थांबला की शिकलेलं पुसटही होतं. पुनर्वसनाच्या साऱ्या शास्त्राला या प्रयोगांनी दिशा दिली.

माणसाच्या बाबतीतला पुरावा १९९८ मध्ये आला. व्हिएन्नात दिमित्रिजेविच यांच्या गटाने पूर्ण इजा झालेल्या रुग्णांच्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, कमरेच्या पातळीला बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून सेकंदाला २५ ते ६० ठोक्यांचा प्रवाह दिला. रुग्ण पाठीवर झोपलेले होते आणि पाय हलवायचा कुठलाही प्रयत्न करत नव्हते. तरी त्यांच्या पायांत चालण्यासारखी लयबद्ध हालचाल झाली.

मग अपघातानंतर हा जिवंत मज्जारज्जू गप्प का बसतो? मेंदूकडून त्याला सतत एक हलका उत्तेजनाचा पुरवठा मिळत असतो. तो त्याला तयारीत ठेवतो. इजेनंतर तो पुरवठा आटतो आणि पेशी इतक्या खाली बसतात की उरलेसुरले संदेश त्यांना उठवायला पुरत नाहीत. विहिरीवरच्या मोटरीचं असंच होतं. रात्री व्होल्टेज कमी आलं की ती नुसती घुमते, पंखा फिरत नाही. मोटर जळालेली नसते, तिला चालू व्हायला लागतो तेवढा दाब मिळत नसतो. बाहेरून दिलेला प्रवाह मज्जारज्जूची तयारीची पातळी उचलतो. मग आधी अपुरे पडणारे संदेश, म्हणजे वाचलेल्या तंतूंतून येणारी मेंदूची आज्ञा आणि तळव्याला जमिनीचा लागणारा दाब, पुरेसे ठरू लागतात.

आतून बाहेर

सुरुवातीचं काम शस्त्रक्रियेचं होतं. अमेरिकेतल्या लुइव्हिल विद्यापीठात सुसान हर्केमा यांच्या गटाने रॉब समर्स या तरुण बेसबॉल खेळाडूवर केलेला प्रयोग २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २००६ मध्ये गाडीने उडवल्यामुळे त्याच्या छातीखाली हालचाल उरली नव्हती. त्याला आधी २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रं देण्यात आली, पण त्यातून तो उभा राहू शकला नाही. मग मज्जारज्जूच्या आवरणावर १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. प्रवाह चालू असताना तो स्वतःचं पूर्ण वजन पेलून चार मिनिटांहून जास्त वेळ उभा राहिला. काही महिन्यांनी प्रवाह चालू असताना त्याला पाय स्वेच्छेने हलवताही येऊ लागला. नुसत्या सरावाने जे झालं नाही, ते प्रवाह आणि सराव मिळून झालं. २०१८ मध्ये लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधलं लोझान या तिन्ही ठिकाणच्या गटांनी अशा रोपणानंतर काही रुग्ण जमिनीवर पावलं टाकू लागल्याचं प्रसिद्ध केलं.

पण शस्त्रक्रिया महाग असते. संसर्गाची भीती असते. अशी शस्त्रक्रिया करणारी केंद्रं जगातही मोजकी आहेत. म्हणून शास्त्रज्ञांनी कातडीवरून हेच साधता येईल का, याचा शोध घेतला. अडचण वेदनेची होती. कातडी, स्नायू आणि हाड ओलांडून मज्जारज्जूपर्यंत पोचेल एवढा प्रवाह दिला, तर कातडीला झोंबतो. एजर्टन यांच्यासोबत काम करणाऱ्या यूरी गेरासिमेंको यांनी यावर तोडगा वापरला. सेकंदाला १५ किंवा ३० असे ठोके द्यायचे, पण प्रत्येक ठोका सेकंदाला सुमारे १० हजार कंपनं असलेल्या प्रवाहाने भरायचा. अशा वेगवान कंपनांनी कातडीतली वेदना कमी जाणवते आणि प्रवाह पुरेसा वाढवता येतो.

हा प्रवाह नेमका कुठे लागतो? तो थेट पायाच्या स्नायूंना हुकूम देत नाही. तो मज्जारज्जूत शिरणाऱ्या मागच्या मुळांमधल्या, म्हणजे पायाकडून बातमी आणणाऱ्या जाड तंतूंना लागतो. हे तंतू कमरेतल्या चेतापेशींना जाऊन मिळतात आणि सगळ्या जाळ्याची तयारी वाढवतात. व्हिएन्नातल्या कारेन मिनासियान आणि उर्सुला हॉफस्टेटर यांच्या कामातून ही यंत्रणा स्पष्ट झाली.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण आपल्याकडच्या दवाखान्यांत 'करंट देणं' हा शब्दप्रयोग सगळ्यांना सरसकट लावला जातो. दुखऱ्या कमरेवर पॅड लावून देतात तो करंट वेदना दाबण्यासाठी असतो. लुळ्या स्नायूवर देतात तो करंट स्नायूलाच आकुंचन पावायला लावतो. १९६१ मध्ये व्लादिमिर लिबर्सन यांनी अर्धांगाच्या रुग्णांसाठी याचाच चतुर उपयोग केला. टाच उचलली की बुटातला खटका दाबातून सुटायचा, गुडघ्याखालच्या मज्जातंतूला ठोका बसायचा आणि लोंबणारं पाऊल वर व्हायचं. हे उपकरण अतिशय उपयोगी आहे, पण ते मज्जारज्जूला काही शिकवेलच असं नाही. मज्जारज्जूच्या उत्तेजनात प्रवाह मुद्दाम हालचाल घडेल त्या पातळीच्या थोडा खाली ठेवतात आणि हालचाल रुग्णाच्या प्रयत्नातून यायची वाट पाहतात.

एक सत्र जवळून

असं एक सत्र कसं होतं ते पाहू. रुग्णाच्या पाठीवर, बरगड्यांच्या शेवटच्या मणक्यांच्या रेषेत, कण्याच्या मध्यावर चिकट इलेक्ट्रोड लावतात. जागा फिजिओथेरपिस्ट बोटांनी मणके मोजत शोधते. दोन मोठे पॅड पोटावर किंवा कमरेच्या हाडावर दोन्ही बाजूंनी लावतात, म्हणजे प्रवाहाला परतीची वाट मिळते. आधी एकेक ठोका देऊन, तो हळूहळू वाढवून, मांडीचा स्नायू केव्हा किंचित उडतो ते पाहतात. ती पातळी टिपून ठेवतात आणि सरावासाठी त्याच्या खाली येतात. पुष्कळ प्रयोगांत उभं राहण्याच्या सरावाला सेकंदाला १५ ठोक्यांच्या आसपास आणि पावलं टाकायला ३० च्या आसपास प्रवाह वापरलेला दिसतो. रुग्णाला पाठीत मुंग्या आल्यासारखं, घट्ट कुणीतरी धरल्यासारखं वाटतं.

मग खरं काम सुरू होतं. रुग्णाच्या छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधून वरून आधार दिलेला असतो, पाय ट्रेडमिलवर टेकलेले असतात. एक जण कमर धरतो, दुसरा गुडघा, तिसरा घोटा. "काका, उजवा पाय उचला. येत नसला तरी उचला. मनात नाही, जोर लावून उचला." प्रवाह चालू असताना रुग्णाने प्रयत्न केला नाही, तर त्या तासाचा बराच उपयोग वाया जातो. घाम फुटतो, मान ताठ होते आणि कधीतरी तिसऱ्या-चौथ्या पावलाला घोटा धरणाऱ्याला हाताखाली ओढ जाणवते. पाय त्याने उचललेला नसतो. हे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतं.

कातडी बधिर असलेल्या माणसाला पॅडखाली भाजलं तरी समजत नाही, म्हणून सत्रानंतर पाठ आणि पोट पाहणं सक्तीचं असतं. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर रक्तदाब अचानक चढण्याचा धोका असतो. हृदयाला पेसमेकर असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, पॅडच्या जागी जखम असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. म्हणून ही घरच्या घरी करून बघायची गोष्ट नव्हे.

दोन्ही टोकांकडून एकाच क्षणी

मज्जातंतूला बाहेरून उत्तेजन देण्याची आणखी एक रीत आहे. तिच्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. दोन चेतापेशींच्या जोडावर एकीचा संदेश पोचल्यानंतर लगेच दुसरी पेशी पेटली, तर तो जोड मजबूत होतो. वेळ चुकली तर तो कमजोरही होऊ शकतो. मोनिका पेरेझ यांच्या गटाने हा नियम मज्जारज्जूच्या इजेसाठी वापरला. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या हालचाल-केंद्रातून एक संदेश खाली सोडायचा. त्याच वेळी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, मज्जातंतूला विजेचा ठोका द्यायचा, जो उलट दिशेने वर मज्जारज्जूकडे जातो. दोन्हींची वेळ अशी साधायची की मेंदूचा संदेश जोडावर एक ते दोन मिलिसेकंद आधी पोचावा. एका सत्रात अशा १८० जोड्या.

२०२० मध्ये पेरेझ आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जो यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात याचा निष्कर्ष मांडला. अपूर्ण इजा होऊन बराच काळ लोटलेल्या २५ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. दोन्ही गटांनी प्रत्येकी १० सत्रं केली आणि प्रत्येक सत्रात ४५ मिनिटं व्यायाम केला. एका गटाला व्यायामाआधी खरं उत्तेजन मिळालं, दुसऱ्याला फक्त देखावा. १० मीटर चालायला आणि हाताची कामं करायला लागणारा वेळ दोन्ही गटांत सरासरी २० टक्क्यांनी घटला. म्हणजे व्यायामाचा गुण दोघांनाही आला. फरक दिसला सहा महिन्यांनी. खरं उत्तेजन मिळालेल्या गटात तो गुण टिकला, देखावा मिळालेल्या गटात टिकला नाही.

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. व्यायाम निरुपयोगी आहे असं त्यात कुठेही निघत नाही, उलट व्यायामाने काय साधतं तेच आधी दिसतं. उत्तेजनाने कमावलेलं टिकवलं. मशीन आणि मेहनत यांचं नातं यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

पुरावा कुठवर आला आहे?

२०१५ मध्ये गेरासिमेंको आणि सहकाऱ्यांनी पाच पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पाचही जणांना इजा होऊन दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता आणि पायांत स्वेच्छेची हालचाल नव्हती. आठवड्याला एक असं १८ आठवडे कातडीवरून उत्तेजन आणि सराव दिल्यावर, पाय झोळीत अधांतरी टांगलेले असताना ते पाय मुद्दाम पुढेमागे हलवू शकले. हे चालणं नव्हतं, पण मेंदूची आज्ञा खाली पोचू लागल्याचा तो पुरावा होता. २०१७ मध्ये एजर्टन यांच्याच प्रयोगशाळेतल्या पराग गाड यांच्या गटाने मार्क पोलॉक या आयरिश साहसवीराबरोबर केलेलं काम छापलं. पोलॉक अंध असून दक्षिण ध्रुवापर्यंत गेलेला माणूस. २०१० मध्ये खिडकीतून पडून त्याचे पाय गेले. त्याला चालवणारा यांत्रिक सांगाडा घालून पाठीवरून उत्तेजन दिलं, तेव्हा पावलं टाकण्यातला त्याचा स्वतःचा वाटा वाढला. २०१९ मध्ये दिमित्री सायेन्को यांच्या अभ्यासात १५ जणांनी उत्तेजनाच्या मदतीने थोड्या आधाराने उभं राहून दाखवलं.

सर्वांत मोठी चाचणी हातांची झाली. चेट मोरिट्झ यांच्यासह अनेक केंद्रांनी केलेली 'अप-लिफ्ट' चाचणी २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आली. मानेच्या इजेमुळे हात दुबळे झालेल्या ६० जणांनी आधी दोन महिने फक्त पुनर्वसन केलं, मग दोन महिने मानेवर उत्तेजन घेत पुनर्वसन केलं. त्यातल्या ७२ टक्के लोकांची हाताची ताकद आणि कामं दोन्ही सुधारली. या उपकरणाला त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. ती परवानगी हातांसाठी आहे, चालण्यासाठी नाही.

चालण्यासाठीचा पुरावा अजून लहान गटांचा आहे. जो दिसतो त्यावरून इतकं म्हणता येतं की ज्यांच्या पायांत थोडीशी तरी हालचाल किंवा संवेदना वाचली आहे, त्यांना याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. त्यांची चाल सुधारते, वेग वाढतो, पायांचा ताठरपणा काही काळ कमी होतो, बसताना धड सावरतं. पूर्ण इजेत पाय हलले, उभं राहता आलं, तरी आधाराशिवाय अंगणातून रस्त्यावर चालत जाणं अजून दूर आहे. ट्रेडमिलवर पट्ट्यांच्या आधाराने पडलेलं पाऊल आणि चिखलाच्या पाणंदीतून टाकलेलं पाऊल यांत फार अंतर असतं. भारतात हा उपचार अजून नेहमीच्या व्यवहारात रुळलेला नाही.

मशीनच्या आधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीनुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. महाराष्ट्रात या माणसांसाठीची परंपरा जुनी आहे. मुंबईत हाजी अली इथे १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था काम करते. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पॅराग्लायडिंग करताना स्वतः जखमी झालेल्या डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये मुंबईत नीना फाउंडेशन सुरू केलं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीतून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. ही माणसं पाय परत मिळण्याची वाट पाहत थांबली नाहीत. चालणं हे एक ध्येय आहे, पण आयुष्याचा सगळा तोल त्या एकाच गोष्टीवर टाकायचा नसतो.

आणि चालायचंच असेल, तर त्याची तयारी इजेच्या जागी सुरू होते. पडलेल्या माणसाला हातापायाला धरून उचलू नये. मान, पाठ, कमर एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकाच वेळी त्याला कुशीवर वळवावं आणि खाली सपाट फळी किंवा दाराची फळी सरकवावी. सैल बाजेवर किंवा चादरीत टाकू नये. १०८ ला फोन करून मणक्याला मार आहे हे स्पष्ट सांगावं. ही काळजी घेतली, तर वाचू शकणारे तंतू वाचतात आणि पुढे कुठल्याही उत्तेजनाला तेच तंतू लागतात.

घरी आल्यावरचं काम घरच्यांचं असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कमरेखाली, टाचांना, नितंबांवर लाल चट्टा दिसला आणि दाब काढूनही तो गेला नाही, तर तिथे बेडसोर होऊ घातला आहे असं समजायचं. एक खोल बेडसोर माणसाला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवतो. लघवीसाठी स्वच्छ हातांनी दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालायला शिकायचं, नाहीतर मूत्रपिंडं बिघडतात. पाऊल खाली लोंबत राहिलं, तर घोटा आखडतो आणि मग उभं करायची वेळ आली तरी टाच टेकत नाही. म्हणून रोज सांधे हलवायचे, पाऊल काटकोनात ठेवायचं, डॉक्टरांनी सांगितल्यापासून आधाराने उभं करायचं. पायांची हाडं ठिसूळ होत जातात, त्यांना वजन लागतं. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर त्याला लगेच बसवायचं आणि कॅथेटर तुंबला आहे का ते पाहायचं. ही तातडीची स्थिती आहे.

या साऱ्याचा चालण्याशी थेट संबंध आहे. पाठीवर जखम असेल, तर इलेक्ट्रोड लावता येत नाही. घोटा आखडला असेल, तर ट्रेडमिलवर पाऊल टेकत नाही. मूत्रमार्गात संसर्ग असेल, तर सत्र होत नाही. सुधारणा पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पण त्यानंतरही फाटक बंद होत नाही; 'अप-लिफ्ट' चाचणीत इजा होऊन तीस वर्षांहून जास्त काळ लोटलेली माणसंही होती. ज्याचं शरीर तोवर सांभाळलं गेलं, त्यालाच अशा संधीचा उपयोग होतो.

काय विचारायचं, काय मागायचं

आशेच्या भरात कुटुंबं जमीन विकतात. म्हणून कुठल्याही उपचाराआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत. हा उपचार चाचणीचा भाग आहे की मान्यता मिळालेला? चाचणी असेल तर नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे, आणि रुग्णाकडून पैसे का मागता? सुधारणा मोजणार कशी? उपकरणाबरोबर किती तासांचा चालण्याचा सराव आहे? सरावाशिवाय नुसतं मशीन देणाऱ्याकडे जाऊ नका. मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून तर दूरच राहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत चाचणीबाहेर स्टेम सेलचा उपचार विकण्याला जागा नाही.

मागण्या मात्र निःसंकोच कराव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी पुनर्वसनाच्या खाटा असाव्यात. तालुक्याला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असावा, कूस बदलण्यापासून कॅथेटरपर्यंत घरच्यांना शिकवणारी परिचारिका असावी. आशा कार्यकर्तीला बेडसोरची पहिली खूण ओळखता यावी. गावातल्या दोन-चार तरुणांना जखमी माणूस फळीवर कसा घ्यायचा याचा सराव असावा. यातल्या कुठल्याच गोष्टीला परदेशी उपकरण लागत नाही. भारतातल्या चाचण्यांमध्ये शहरातल्या रुग्णांइतकेच शेतावर, विहिरीवर पडलेले रुग्ण घेतले जावेत. त्यांना परत जाऊन मातीच्या अंगणात चालायचं आहे, आणि उपचार त्यांच्या उपयोगाचा आहे का ते तिथेच ठरतं.

कातडीवरून मज्जारज्जूला जागं करणारी उपकरणं येत्या काळात स्वस्त आणि सोपी होतील असं मानायला जागा आहे, कारण त्यांना शस्त्रक्रियागृह लागत नाही. ती हिंगोलीत पोचतील तेव्हा ती नेमकी कुठे लावायची हे जाणणारे हात इथे हवेत, आणि ज्यांच्या पाठी, सांधे, मूत्रपिंडं शाबूत आहेत अशी माणसं हवीत. दोन्ही गोष्टी घडवायला वर्षं लागतात, म्हणून काम आजच सुरू करायला हवं.